दशमी घटी २३
गतीवरून स्थान शोधण्याची आपल्या खानदेशातील विद्या

आपल्या बुऱ्हाणपूरच्या गांधी चौकातील जामा मशिदीसमोरून आपण रोज जातो. काळ्या दगडाची ही भव्य वास्तू फारुकी राजा आदिलशाह, म्हणजे इतिहासातील राजा अली खान, याच्या काळातली. आतल्या भिंतीवर अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत लेख कोरलेला आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण तो त्यांना आवर्जून दाखवतो. मात्र त्या लेखातली तारीख फारसे कोणी नीट वाचत नाही. मीही वाचली नव्हती.

संवत् १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष, सोमवार. इसवी सनाप्रमाणे हा १५९० सालच्या जानेवारीतला दिवस. आता पुढचे पाहा : दशमी २३ घटिका, त्यानंतर एकादशी. कृत्तिका ३३ घटिका, त्यानंतर रोहिणी. शुभ योग ४२ घटिका. म्हणजे नुसता दिवस सांगून लेख थांबत नाही. त्या दिवशी सूर्योदयापासून २३ घटिकांनी, आजच्या हिशेबाने ९ तास १२ मिनिटांनी, दशमी संपली, असे दगडात कोरून ठेवले आहे.

हे २३ कुठून आले? या प्रश्नाच्या मागे मी लागलो तो इतिहासाच्या ओढीने नव्हे, तर घरातल्या एका ग्राफमुळे. मी इतिहासकार नाही. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलेला साधा माणूस आहे. तेव्हा वाचकांनी हा लेख एका हौशी माणसाचा प्रयत्न म्हणून गोड मानून घ्यावा.

माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या फिजिक्सच्या पुस्तकात वेग-समय ग्राफ देऊन त्यावरून स्थिति-समय ग्राफ काढायला सांगितले होते. तिने आपल्या रेल्वेचेच उदाहरण घेतले. मानून चालू की गाडी बुऱ्हाणपूरहून निघाली आणि २ मिनिटांत एकसारखा वेग वाढवत ताशी ६० किलोमीटरवर आली. १० मिनिटे त्याच वेगाने धावली. मग २ मिनिटांत एकसारखा वेग कमी करत थांबली. वेगाचा ग्राफ सोपा आहे : चढ, सपाटी, उतार. मुलीने स्थानाचा ग्राफही अगदी तसाच काढला : चढ, सपाटी, उतार.

मी म्हटले, "अगं, ब्रेक लागला म्हणून गाडी मागे येते का?"

ती म्हणाली, "नाही बाबा, पण वेग कमी होतोय ना?"

हीच चूक मी स्वतः डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी केली होती. "ग्राफखालचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर" हे वाक्य पाठ करून मी पेपर सोडवला, पासही झालो, पण क्षेत्रफळाचे अंतर कसे होते ते कधी समजून घेतले नाही. तीस वर्षांनी तोच प्रश्न मुलीच्या वहीतून परत समोर आला आणि या वेळी टाळता येईना.

रात्री दोघे वही घेऊन बसलो. वेग वाढत असताना २ मिनिटांचा त्रिकोण होतो. त्याचे क्षेत्रफळ १ किलोमीटर. पुढचा १० मिनिटांचा आयत, १० किलोमीटर. शेवटचा त्रिकोण पुन्हा १ किलोमीटर. एकूण १२ किलोमीटर. म्हणजे स्थानाची रेघ आधी हळूहळू उभी होत १ पर्यंत जाते, मग सरळ चढत ११ पर्यंत जाते, आणि ब्रेक लागल्यावर खाली न येता नुसती कललेली होत १२ वर पोचते. गाडी उभी राहिली की रेघ आडवी. शंटिंगसाठी गाडी उलट चालली, म्हणजे वेगाची रेघ शून्याच्या खाली गेली, तरच स्थानाची रेघ खाली वळते. वेगाचा ग्राफ आपल्याला स्थानाची उंची सांगत नाही, स्थानाच्या रेघेचा चढ किती ते सांगतो. सगळे मर्म एवढेच.

हे चालू असताना आजी जवळच बसली होती. ती म्हणाली, "तुझे आजोबा पंचांगातून चंद्र काढायचे, तेही असंच काहीतरी मांडायचे." मग कपाटातून आजोबांची जुनी पंचांगे निघाली. ग्रहांच्या कोष्टकात प्रत्येक ग्रहाच्या स्थानाखाली त्याची दैनिक गती, कला आणि विकलांत. सकाळचे स्थान आणि गती दिलेली असते, दुपारचे स्थान हवे असते. गतीला गेलेल्या वेळाने गुणायचे आणि येईल ते सकाळच्या स्थानात मिळवायचे. याला जोशी लोक चालन देणे म्हणतात. गतीची उंची आणि वेळाची रुंदी. म्हणजे मुलीच्या वहीतला तो आयतच!

आता मशिदीवरच्या २३ घटिकांकडे या उजेडात पाहू. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी पूर्ण होते. हे अंतर १०८ अंश झाले की दशमी लागते आणि १२० अंश झाले की संपते. समजा, त्या सोमवारी सूर्योदयाला हे अंतर ११५ अंश २४ कला होते. म्हणजे दशमी संपायला ४ अंश ३६ कला उरल्या. चंद्र सूर्यापेक्षा दिवसाला, म्हणजे ६० घटिकांत, १२ अंश जास्त चालत असेल तर बरोबर २३ घटिका लागतात. पण चंद्राची चाल एकसारखी नसते. काही दिवस तो दिवसाला पावणेबारा अंशांच्या आसपास चालतो, काही दिवस सव्वापंधरा अंशांपर्यंत धावतो. सूर्याची चाल वजा केली तर हा फरक पावणेअकरा ते सव्वाचौदा अंशांच्या दरम्यान पडतो. गती १४ अंश असेल तर तेवढीच वाट चालायला १९ घटिका ४३ पळे पुरतात. १० अंश ४८ कला असेल तर २५ घटिका ३३ पळे लागतात. सकाळची स्थिती तीच, तरी दशमीच्या शेवटात दोन तासांहून जास्त फरक! (हे सकाळचे अंश मी उदाहरणासाठी घेतले आहेत, लेखात ते नाहीत.)

म्हणजे भिंतीवर २३ हा आकडा लिहायचा तर चंद्र कुठे आहे एवढे कळून भागत नाही. तो त्या वेळी किती वेगाने चालला आहे हेही कळावे लागते. आणि आपल्या गणेश चतुर्थीलाही हेच लागू आहे. माध्यान्ही चतुर्थी असेल तो दिवस आपण धरतो. तृतीया सकाळी अकराला संपते की दुपारी दीडला, यावर बाप्पा कोणत्या दिवशी घरात येणार हे ठरू शकते.

चंद्राच्या या चालीचा प्रश्न ज्यांनी अत्यंत नेमकेपणाने हाताळला ते भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या ३६ व्या वर्षी, इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ पुरा केला. त्यात ते दोन प्रकारच्या गती सांगतात. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतला फरक ही स्थूल गती. मात्र चंद्राची चाल मोठी आणि क्षणाक्षणाला बदलणारी, म्हणून तिथीचा शेवट जवळ असेल तेव्हा त्या वेळची गती, म्हणजे तात्कालिक गती घ्यावी, असे ते बजावतात. आज आपली मुले ज्याला 'इन्स्टंटेनियस व्हेलॉसिटी' म्हणतात, ती आपल्याकडे तिथी अचूक संपवण्याच्या गरजेतून अशी पुढे आली. भास्कराचार्यांच्या आधी, दहाव्या शतकात, मुंजाल यांनी याच दिशेचे सूत्र दिले होते. भास्कराचार्यांनी त्यामागचे कारण उलगडून सांगितले.

त्यांचे आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटले. चंद्र सरासरी चालीने गेला असता तर जिथे असता, त्या जागेपेक्षा खरा चंद्र कधी पुढे असतो, कधी मागे. हे पुढेमागे असणे म्हणजे मंदफल. चंद्राच्या बाबतीत ते जास्तीत जास्त ५ अंशांच्या आसपास जाते. सरासरीपेक्षा चाल कमी-जास्त असणे म्हणजे गतिफल. आता चंद्राची ही आघाडी सर्वांत मोठी कधी असेल? आपल्याला वाटते, चंद्र सर्वांत जोरात धावेल तेव्हा. भास्कराचार्य सांगतात की फल जिथे सर्वांत मोठे, तिथे गतिफल शून्य.

नोकरदार माणसाला हे पगारावरून चटकन कळते. बँकेतली शिल्लक सर्वांत जास्त कधी असते? ज्या महिन्यात बचत सर्वांत मोठी झाली त्या महिन्यात नव्हे. त्यानंतरही बचत थोडी थोडी होतच राहते आणि शिल्लक वाढतच जाते. ज्या महिन्यात बचत शून्यावर येते आणि पुढे खर्च जास्त होऊ लागतो, तिथे शिल्लक कळसाला पोचलेली असते. मुलीच्या पुस्तकात हाच नियम असा दिला आहे : वेगाची रेघ जिथे शून्य ओलांडते, तिथे स्थानाची रेघ शिखरावर असते. आपल्या बोलण्यात तर हे शब्द कधीचे आहेत. मंगळ मार्गी आहे, स्तंभी झाला, वक्री झाला. मार्गी म्हणजे गती धन, स्तंभी म्हणजे शून्य, वक्री म्हणजे ऋण. ज्या घरांत पत्रिका पाहतात, त्या घरांत हा ग्राफ वेगळ्या नावाने पिढ्यान्पिढ्या वावरतो आहे.

आता बुऱ्हाणपूरकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट. भास्कराचार्यांच्या जन्मगावाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, पण त्यांच्या विद्येचे घर कुठे होते याचा दगडी पुरावा आपल्या खानदेशातच आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवांचे मुख्य ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला आणि यादवांचे मांडलिक निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्याला दान दिले. शके ११२८ चा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

त्या लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण मठाला काय काय मिळावे हे सांगणारा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. तेलाच्या घाण्यांवरूनही मठासाठी तेलाचा वाटा लावून दिला आहे. राजाचे दान संस्कृतात नोंदले गेले. घाणेवाल्याला मात्र आपण काय द्यायचे ते स्वतःच्या भाषेत कळायला हवे होते. गणिताची शाळा घाण्याच्या तेलावर चालावी आणि तसे मराठीत कोरले जावे, हे वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. आपल्या घरची मुले आज हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. 'मराठीत विज्ञान कुठे आहे' असे आपणच म्हणतो. आठशे वर्षांपूर्वीच्या खानदेशात हा प्रश्न निदान घाणेवाल्यापुढे नव्हता.

ही विद्या पुढे बुऱ्हाणपूरच्या दारातूनही गेली. अकबराच्या दरबारातील कवी फैजी यांनी १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला. हेच फैजी १५९१ मध्ये अकबराचे वकील म्हणून राजा अली खानाकडे बुऱ्हाणपुरास आले. त्या वेळी मशिदीवरचा तो लेख कोरून थोडाच काळ झाला होता. फैजींनी तो पाहिला की नाही हे कुठे लिहिलेले नाही, पण लीलावतीचा अनुवादक आणि २३ घटिकांचा दगड एकाच गावात होते एवढे नक्की.

मधल्या काळात आणखी एक मोठे काम महाराष्ट्रात झाले होते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचला. त्यांनी ज्या-चाप, म्हणजे आजच्या भाषेत साइनची कोष्टके, पूर्ण टाळली आणि साध्या गुणाकार-भागाकाराने ग्रह काढण्याची सोय केली. पुढची काही शतके आपल्याकडची पंचांगे प्रामुख्याने याच ग्रंथावर होत. पण कोणत्याही ग्रंथातल्या सरासरी गतीत अगदी बारीक चूक राहिली तरी ती रोज साठत जाते. वेगाच्या ग्राफवर केसाएवढी उंची कमी-जास्त, तर तीनशे वर्षांनी स्थानाच्या ग्राफवर डोळ्यांना दिसेल एवढे अंतर. म्हणूनच १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' नव्याने दिली आणि पुढे पंचांगशुद्धीचे वाद रंगले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा या सगळ्या परंपरेचा इतिहास लिहिला, आणि तो मराठीत लिहिला.

हे सगळे मी मुलीला सांगितले तेव्हा तिने विचारले, "बाबा, मग भास्कराचार्यांनी हा ग्राफ काढला होता का?"

मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांप्रमाणे 'हो, सगळे आपणच शोधले' असे सांगणे सोपे होते. पण खरे उत्तर 'नाही' असे आहे. तात्कालिक गती त्यांनी हाताळली, फल आणि गतिफल यांचे नाते सांगितले, गोलाच्या पृष्ठाच्या पट्ट्या पाडून त्यांची बेरीजही केली. मात्र वेळ आडवी, वेग उभा आणि मधले क्षेत्रफळ म्हणजे अंतर, असे चित्र त्यांच्या ग्रंथात नाही. ते चित्र फ्रान्समधील निकोल ओरेम यांनी इसवी सन १३५० च्या सुमारास मांडले. त्याआधी काही वर्षे ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील पंडितांनी एकसारख्या वाढत्या वेगाचा सरासरीचा नियम सांगितला होता, तर गॅलिलिओ यांनी १६३८ च्या आपल्या ग्रंथात तोच नियम पडणाऱ्या वस्तूला लावला. आणि या सर्वांच्याही आधी बॅबिलोनचे ज्योतिषी होते. इसवी सनापूर्वी ३५० ते ५० या काळातील त्यांच्या मातीच्या विटांचा अर्थ मॅथ्यू ओसेंड्रायव्हर यांनी २०१६ मध्ये लावला. गुरूची गती पहिल्या दिवशी १२ कला, साठाव्या दिवशी साडेनऊ कला. दोहोंची सरासरी काढून ६० ने गुणले की ६४५ कला, म्हणजे १० अंश ४५ कला. गुरू ६० दिवसांत इतका सरकला. हे समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ आहे, आणि त्या विटांवर ते तसेच मांडलेले आहे.

मुलगी हे ऐकून नाराज होईल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "मग चांगलंच आहे की! सगळ्यांना हाच प्रश्न पडला होता, मला एकटीलाच नाही."

तिचे म्हणणे मला पटले. खोट्या मोठेपणाने मुलांना काही मिळत नाही. आपल्या गावच्या भिंतीवरचा २३ हा आकडा कुठून आला हे त्यांना स्वतः काढता आले, तर त्या दगडाशी त्यांचे खरे नाते जुळते. मुलीने मग आजोबांच्या पंचांगातून एका महिन्याच्या चंद्राच्या रोजच्या गती उतरवून घेतल्या, वेगाचा ग्राफ काढला आणि त्याखाली स्थानाचा. गती कमी होत गेली त्या दिवसांतही स्थानाची रेघ चढतीच राहिली, फक्त कलली. या वेळी तिला कोणी सांगावे लागले नाही.

मंडळातील सर्व कुटुंबांना माझी एवढीच विनंती आहे. घरात जुनी पंचांगे असतील तर रद्दीत देऊ नका. मुलांना एकदा जामा मशिदीतला लेख दाखवा आणि त्यातल्या घटिका वाचायला लावा. सुट्टीत भुसावळ-जळगाव मार्गे चाळीसगावला जाऊन पाटणादेवीचे दर्शन घ्या. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे आणि पाटण महाराष्ट्रात, पण तो लेख कोरला गेला तेव्हा ही रेघ नव्हती.

आणि यंदा आरतीनंतर मुलांपैकी कोणी विचारले की चतुर्थी अमुक वाजताच का संपते, तर 'पंचांगात तसं दिलंय' एवढ्यावर त्याला वाटेला लावू नका. कागद-पेन्सिल घ्या आणि त्याच्याबरोबर खाली बसा.

गणपती बाप्पा मोरया!